कोटाची पाच बटणं

मित्रांनो, मी एक आगीचा बंब आहे. पण माझ्या हातून आजवर काडेपेटीतली एक काडीही विझलेली नाही. मी फूटपट्टीएवढा लांब आहे. खऱ्या बंबाच्या चोविसाव्या हिश्श्याने मला बनवलं, असं माझ्या पोटाखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं आहे. वय विचाराल तर तिशी उलटली. आपली कहाणी सांगणाऱ्या पुष्कळ जुन्या वस्तू तुम्हाला भेटल्या असतील. त्या फार गुणी असतात. सगळं सोसतात आणि कुणाबद्दल वावगा शब्द काढत नाहीत. मी तसा नाही. मी मत्सरी आहे. माझ्या पोटात कायम दुखतं, आणि ज्याच्यामुळे दुखतं त्याच्याबद्दल बोलल्याशिवाय माझी कहाणी पुरी होत नाही.

मला घडवणारे गृहस्थ अग्निशमन केंद्रात पंपावर होते. बंब आगीजवळ पोचला की जवान पाण्याच्या नळ्या घेऊन पुढे धावतात. एक माणूस मात्र बंबापाशीच थांबतो. पुढून "पाणी सोड!" अशी हाक आली की त्याने नेमका त्या नळीचा व्हॉल्व्ह फिरवायचा. चुकीचा फिरवला तर आगीसमोरचा जवान कोरडी नळी धरून उभा राहतो. धुराने डोळे चुरचुरायचे, धड काही दिसायचं नाही, म्हणून हे गृहस्थ डोळे मिटून बोटांनीच व्हॉल्व्ह ओळखायचे. सत्तावीस वर्षांत एकदाही चुकले नाहीत. केंद्रात सगळे त्यांना पंपदादा म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो.

दादांचा बंब चार नंबरचा. सुट्टीच्या दिवशी ते टेप घेऊन केंद्रात जायचे आणि त्याची मापं घ्यायचे. "सुट्टीतसुद्धा त्याचं तोंड बघायचंय का तुम्हाला?" असं घरून विचारलं जायचं. त्या मापांवरून मी झालो. माझं अंग तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं आहे. चाकांना नळातले रबरी वायसर आहेत. शिडी विणकामाच्या सुयांची आणि काड्यांची. पाण्याच्या नळ्या म्हणजे बुटांच्या पांढऱ्या नाड्या. दादांनी माझ्यावर लाल रंगाचे सात हात दिले, आणि प्रत्येक हात वाळल्यावर मला पाण्याच्या पॉलिशपेपरने घासलं. सगळं मापाने झालं. प्रत्येक लांबी चोवीसने भागून कागदावर लिहिली होती.

फक्त एक गोष्ट त्यांनी मोजली नाही. व्हॉल्व्हची चाकं कशाला मोजायची? ती तर हातालाच पाठ होती! मग दादांनी जुन्या कोटाची पाच पितळी बटणं काढली, स्क्रूवर बसवली आणि माझ्या बाजूला लावून टाकली. एक टाकीचा व्हॉल्व्ह, दोन डावे, दोन उजवे. पाचही बटणं गरागरा फिरतात.

आणि माझी घंटा! खऱ्या बंबाची पितळी घंटा काढून तिथे भोंगा बसवला, तेव्हा तिचा एक पितळी बोल्ट दादांनी साहेबांना विचारून घरी आणला होता. तो कानशीने घासून आणि आतून कोरून त्यांनी वाटाण्याएवढी घंटा केली. माझ्या अंगावर खऱ्या बंबाचं म्हणावं असं तेवढंच होतं. मी तिच्या जोरावर घरातल्या सगळ्या वस्तूंपुढे नाक वर करून बसायचो.

माझी उमेदीची वर्षं दादांच्या लेकीने गाजवली. ती तेव्हा पाच-सहा वर्षांची असेल. दादा मला टेबलावर ठेवत आणि पंपावर बसत. ती डावीकडच्या दुसऱ्या व्हॉल्व्हची नाडी ओढत थेट दारापर्यंत न्यायची, कारण तीच सगळ्यांत लांब होती. तिथून बेंबीच्या देठापासून ओरडायची, "पाणी सोडा!" दादा डोळे मिटून डावीकडचं दुसरं बटण फिरवायचे. मग ती तोंडानेच पाणी उडवायची आणि दारातल्या चपला विझवायची. आई म्हणायची, "अगं, थुंकी उडतेय सगळीकडे!" बटणं एवढी मोठी का, असं कुणी कधी विचारलं नाही.

पुढे दादांनी मला एका प्रदर्शनात नेलं. तिथले परीक्षक डोळ्याला भिंग लावून माझ्याभोवती फिरले. माझ्या शिडीला त्यांनी मान डोलावली, पण पंपापाशी आले आणि थांबले. "काम चांगलं आहे हो," ते म्हणाले, "पण व्हॉल्व्ह तिप्पट मोठे झालेत. सगळं प्रमाण बिघडलं." दादा ओशाळून हसले आणि म्हणाले, "हाताला तेवढेच आठवतात, काय करणार." मला बक्षीस मिळालं नाही. लेक तेव्हा शाळेत वरच्या वर्गात होती आणि शेजारीच उभी होती. त्या दिवसापासून माझी बटणं तिला खुपायला लागली. नाडी ओढत दारापर्यंत जाणं तर तिने आधीच सोडलं होतं.

लेक मोठी झाली आणि दातांच्या कवळ्या घडवण्याचं काम शिकली. हात असा तयार झाला की खोट्या दाताला खऱ्यासारखी फिकट रेघ काढावी तर तिनेच. इकडे दादा निवृत्त झाले आणि त्यांच्या डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली. समोरचं धूसर, कडेकडेचं तेवढं दिसायचं. मी फळीवर बसून राहिलो. माझ्यावर धूळ साचली. पण फळीवर मी एकटाच होतो, म्हणून तक्रार नव्हती.

मग केंद्रातून साहेबांचा फोन आला. चार नंबरचा बंब भंगारात गेला होता. त्याची आठवण म्हणून हुबेहूब छोटा बंब दर्शनी खोलीत काचेच्या पेटीत ठेवायचा होता. मी फळीवर अगदी ताठ झालो. माझ्याशिवाय आहे कोण? लेकीने मला खाली उतरवलं, फुंकर मारली, उलटसुलट केलं आणि म्हणाली, "बाबा, हा नको. याचे व्हॉल्व्ह बघा ना, लोक हसतील. आपण नवा करू."

मला वाटलं दादा रागावतील. ते म्हणाले, "करू या की!"

झालं. दर रविवारी लेक कामावरची हत्यारं घेऊन यायला लागली. दात कोरायची बारीक यंत्रं, सुईच्या टोकाचे ब्रश, डोळ्यावर चढवायचं भिंग. दादा शेजारी बसून सांगत आणि ती करत असे. आठ महिने माझ्या डोळ्यांदेखत त्या नव्या धाकट्याचे लाड चालले होते. पंपावरचे दाबमापक मुगाच्या दाण्याएवढे, आणि त्यांत काटेसुद्धा! आरसे केसाएवढ्या तारेवर बसवलेले. शिडी तीन टप्प्यांत उघडणारी. व्हॉल्व्ह अर्थातच मापाचे, इतके इवलेसे की बोटाच्या चिमटीत धरू म्हटलं तर सापडणार नाहीत. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. सात हात रंग मलाही दिला होता, पण माझं कौतुक करताना कुणी "अहाहा" म्हटलेलं मला आठवत नव्हतं.

एकदाच माझ्या मनाला थंडावा मिळाला. लेकीने धाकट्याच्या धूर सोडणाऱ्या नळीमागे काळी पूड चोळून काजळी दाखवली, चाकांवर वाळलेल्या चिखलाचे डाग रंगवले. तिला वाटलं, आता अगदी खरा दिसतोय. दादांनी डोळे किलकिले करून कडेने पाहिलं आणि त्यांचा आवाज चढला.

"हे काय? आमचा बंब मळका?"

"बाबा, आगीवरून आलेला दाखवलाय. सगळे असंच करतात."

"सगळे करत असतील. आम्ही केंद्रात आलो की आधी बंब धुवायचो आणि मग स्वतःचं तोंड. पूस ते!"

लेकीने निमूटपणे पुसलं. मी मनातल्या मनात फुगड्या घातल्या. पण पुसून झाल्यावर दादा हळूच म्हणाले, "पोरी, माझ्यापेक्षा सरस हात आहे तुझा." माझ्या फुगड्या तिथेच थांबल्या.

दादांना त्याला हात लावावासा वाटायचा. एकदा त्यांनी बोटं फिरवली तर आरसा तुटला. "बाबा, प्लीज हात नका लावू," लेक म्हणाली. रागावून नाही, काकुळतीने म्हणाली. दादांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. त्यानंतर ते हात ठेवूनच बसायचे.

शेवटच्या रविवारी लेकीने चिमटा घेतला आणि ती माझ्याकडे वळली. "खऱ्या बंबाचं काहीतरी त्याच्यावर हवं. याची घंटा काढू का?" दादा म्हणाले, "काढ. नाहीतरी हा फळीवरच तर असतो." माझी घंटा निघाली. ती धाकट्याच्या टपावर बसली आणि त्याला शोभलीसुद्धा, हे सांगताना मला आजही त्रास होतो. मी त्याला मनापासून शाप दिला. तुझी चाकं गळोत, तुझा रंग उडो, तुला वाळवी लागो! तो पत्र्याचा होता, वाळवी लागणार नव्हती, पण रागात एवढं कुठे सुचतं.

धाकटा वाजतगाजत केंद्रात गेला. मी घरी. दुपारी दोघं परतली तेव्हा दादांच्या गळ्यात हार होता आणि चेहरा उतरलेला होता. लेक विचारत होती, "बाबा, झालं काय? सगळ्यांनी एवढं कौतुक केलं."

"केलं ना. लोक म्हणाले, फार सुंदर आहे," दादा म्हणाले. "मी हात पुढे केला तर काच लागली. साहेब म्हणाले, उघडली तर धूळ बसेल. बरोबरच आहे त्यांचं. पण पोरी, मला नुसती काच दिसली गं."

दादा भिंत चाचपत फळीपाशी आले. त्यांची बोटं माझ्या टपावर पडली, शिडीवरून सरकली, बाजूला उतरली. मग त्यांनी मला दोन्ही हातांनी उचललं आणि टेबलापाशी बसले. त्यांचा अंगठा टाकीच्या व्हॉल्व्हवर आला. कोटाचं बटण, तिप्पट मोठं. त्यांनी ते फिरवलं. "टाकी," ते पुटपुटले. "डावा एक. डावा दोन. उजवा एक. उजवा दोन." एकही बटण त्यांना शोधावं लागलं नाही. मित्रांनो, ज्या बटणांपायी मी प्रदर्शनापासून मान खाली घातली होती, ती त्यांना डोळ्यांशिवाय सापडत होती.

मग त्यांचं बोट टपावर घंटेच्या जागी गेलं. तिथे नुसतं भोक होतं. "अरे, घंटा पडली वाटतं याची," ते म्हणाले.

"बाबा, तुम्हीच दिलीत. नव्यासाठी."

"हो का? हो, हो. मीच दिली." त्यांनी त्या भोकावर बोट तसंच ठेवलं.

लेक टेबलापाशी आली. मग तिने माझी डावीकडची लांब नाडी सोडवली. एवढ्या वर्षांनी ती कडक आणि पिवळट झाली होती. चाळिशीला टेकलेली, भिंग लावून दात कोरणारी ही बाई नाडीचं टोक धरून दारापर्यंत गेली, चपलांपुढे उभी राहिली आणि तिने घसा खाकरला. मग ती ओरडली, "पाणी सोडा!"

दादांनी डोळे मिटले. त्यांच्या बोटांनी डावीकडचं दुसरं बटण फिरवलं.

"आलं का गं?" त्यांनी विचारलं.

"आलं," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून खरंच यायला लागलं होतं.

पुढच्या रविवारी तिने माझ्यासाठी नवी घंटा आणली. दाताच्या टोपीला वापरतात त्या पांढऱ्या धातूची आहे. वाजते बरी, पण पितळी नाही. तुम्हाला वाटेल, आता तरी याचा मत्सर गेला असेल. मुळीच नाही. माझी घंटा अजून त्या धाकट्याच्या टपावर आहे, आणि केंद्रात येणारे लोक तिचे फोटो काढतात असं मी ऐकतो. ऐकलं की माझं पित्त खवळतं. मात्र एक गोष्ट आता माझ्या लक्षात येते. ती घंटा त्याच्याकडे गेल्यापासून एकदाही वाजलेली नाही. काचेआड कोण वाजवणार?

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरच्या फळीवर एखादी जुनी, बेढब, माप चुकलेली वस्तू असेल, तर तिची धूळ जरूर पुसा. पण पुसून पुन्हा वर ठेवू नका. ज्याने ती घडवली त्याच्या हातात द्या आणि थोडं लांब जाऊन त्याला हाक मारा. आता मला जास्त बोलायला वेळ नाही. आज रविवार आहे, लेक यायची वेळ झाली आहे, आणि दादांचं बोट मघापासून डावीकडच्या दुसऱ्या बटणावर आहे.