अर्धी लाईन भागीची

सवत असावी तर निदान माणसाच्या जातीची असावी. तिच्याशी कडाकडा भांडता तरी येतं. माझी सवत निघाली पत्र्याची, आणि ती माझ्या आधीपासून या घरात नांदत होती.

आमचे हे, हिलालभाऊ, अमळनेरला तेलाच्या गिरणीत फिटर. लहानपणी यांचं घर रेल्वे फाटकाजवळ. बाराव्या वर्षी यांनी तुपाच्या रिकाम्या डब्याचं पहिलं इंजिन केलं, ते दोरीने ओढायचं. बाकीची पोरं मिशा फुटल्या की असले नाद सोडतात. यांनी लग्न झालं तरी सोडला नाही. सायकलचे स्पोक कानसून रूळ केले, खडी म्हणून बोरी नदीची चाळलेली वाळू टाकली, जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर इंजिनाच्या पोटात बसवली. पुढच्या खोलीत खाटेएवढ्या उंचीच्या लाकडी चौकटीवर अमळनेर ते धरणगाव अख्खी लाईन मांडून ठेवलेली. गिरणीतून आले की चहा घ्यायचा आणि रूळ घासायला बसायचं. रोज घासले नाहीत तर वीज नीट जात नाही म्हणे. एकदा मी चिडून म्हटलं, "कधी माझी भांडीपण घासा की!" तर मुकाट्याने सगळी भांडी घासून दिली. सांगा, अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

बरं, एकटे बिघडले असते तर चाललं असतं. आमची एकुलती एक लेक भागी सहा वर्षांची झाली तेव्हापासून यांच्या मांडीला मांडी लावून बसायला लागली. विसाव्या वर्षी ती बापाच्या पुढे गेली होती. तारांचं जाळं, सिग्नलचे दिवे, सांधा बदलायची कळ, सगळं तिचं. हातात तारांना डाग द्यायची इस्त्री, डोक्यात रेल्वे, आणि पोळ्या अशा की नकाशे बरे. मला एकच घोर लागलेला, हिचं लग्न कसं व्हायचं? आणि झालंच तर हिचा जीव जिथे रमतो ते सासरी कोण चालू देणार?

अठ्ठ्याऐंशी साली सोनगीरचं स्थळ आलं. मुलगा भटू, शेती बागायती, माणसं तोलामोलाची. मी ठरवलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. पाहुणे यायच्या दिवशी मी स्टेशनची इमारत, झाडं, सिग्नल, जे जे उभं होतं ते उचलून माळ्यावर टाकलं. उरलेल्या लाईनवर गादी, गादीवर नवी गोधडी, दोन्हीकडे तक्के. बघणाऱ्याला वाटावं, ऐसपैस खाट आहे. हे म्हणाले, "वच्छला, खाली पूल आहे. चौदा महिने लागलेत त्याला." मी म्हटलं, "तुमच्या पुलाला कोण खातंय? पाहुण्यांसाठी खुर्च्या मागवल्यात मी."

आता माझी अक्कल बघा. जन्म खानदेशात गेला, पण एवढं सुचलं नाही की आपल्याकडे घरात खाट असली की मानाचा पाहुणा खाटेवरच बसतो. मुलाचे मामा, चुडामण नाना, दारातून आले ते खुर्च्यांकडे ढुंकूनही न बघता सरळ तिकडे निघाले. फेटा, काठी, आणि अंगाने चांगले भरभक्कम. मी म्हटलं, "नाना, इकडे खुर्चीवर..." नाना म्हणाले, "राहू द्या अक्का, गुडघा दुखतो. खाटच बरी." मुलाच्या मामाला खाटेवर बसू नका असं कुठल्या तोंडाने सांगायचं? यांनी डोळे मिटून घेतले.

नाना बसले. करकर्र आवाज झाला. मग तारेला तार लागली असावी, नानांच्या बुडाखाली फळीला बसवलेली स्टेशनची घंटा टणाटणा वाजायला लागली. नाना काठी टाकून, दुखऱ्या गुडघ्यासकट ताडकन उभे राहिले. "ओ माय व! हाई काय शे?"

मुलाच्या आईने गोधडी उचलली. गादी उचलली. खाली आमचं धरणगाव, आणि त्याच्या अलीकडे चेपलेला पूल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी घाईघाईने म्हटलं, "यांचं खेळणं आहे हो. गिरणीतून आले की विरंगुळा."

पोह्यांच्या बश्या घेऊन भागी दारातच उभी होती. तिने ट्रे खाली ठेवला आणि म्हणाली, "दोघांचं आहे. तारा सगळ्या मी जोडल्यात."

मुलाच्या आईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "लग्नानंतर हे चालायचं नाही, पोरी."

"मला चालवायचंय," भागी म्हणाली.

भटू बिचारा आईच्या तोंडाकडे बघत बसला. मग त्या बाई माझ्याकडे वळल्या. "पोरगी गंमत करते ना, विहीणबाई?"

विहीणबाई! म्हणजे अजून सगळं हातचं गेलं नव्हतं. मी नुसतं हसून 'हो' म्हणायचं होतं, लग्न तिथल्या तिथे ठरलं असतं. 'हो' जिभेच्या टोकावर आलाही. तेवढ्यात माझी नजर यांच्याकडे गेली. हे गुडघ्यावर बसून पुलाचे तुकडे गोळा करत होते, पण लक्ष तुकड्यांकडे नव्हतं. माझ्याकडे बघत होते. रागाने नाही हो. भीतीने. मी काय बोलते याची त्यांना भीती वाटत होती. बावीस वर्षांच्या संसारात हा माणूस मला पहिल्यांदा घाबरलेला दिसला, आणि माझीच मला लाज वाटली.

"गंमत नाही," मी म्हटलं. "खेळणंही नाही. मी खोटं बोलले. पोरगी म्हणते ते खरं आहे."

पोह्यांना हात न लावता मंडळी उठली. "कळवतो" म्हणाले, आणि काय कळवणार ते त्यांच्या चेहऱ्यावरच होतं. फक्त चुडामण नाना दारात थांबून यांना म्हणाले, "भाऊ, तुमचं बठ्ठं, सगळंच मोडलं माझ्यापायी. माफी करा." चांगला माणूस.

ते गेल्यावर मी भिंतीला टेकून रडले. हे शेजारी येऊन बसले. म्हणाले, "पुलाचं काय, तो पुन्हा होईल. तू बोललीस ते मोठं केलंस." भागी पाहुण्यांचे पोहे खात होती. कार्टीला भूक लागली होती.

त्या दिवसापासून मी पद्धतच बदलली. पाहुणे दारात चपला काढायच्या आत सांगायचं, "आमची पोरगी रेल्वे बनवते. ती आधी बघा, चहा मग घ्या." दोन स्थळं चहा न घेताच गेली. तिसरं फैजपूरचं. मुलगा रुपचंद, शाळामास्तर, अंगाने काटकुळा, बोलायला लाजरा. वाकून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "लाईन एकच दिसते. दोन गाड्या समोरासमोर आल्या तर?" भागीने त्याला तासभर समजावलं. शेवटची एस.टी. चुकेल म्हणून मलाच त्यांना उठवावं लागलं.

लग्न ठरलं. माझा आनंद गगनात मावेना. लग्नाला आठ दिवस असताना एका दुपारी खोलीतून करवतीचा आवाज आला. जाऊन बघते तर हे लाईनच्या बरोबर मध्यावर करवत चालवत होते. फळी, रूळ, तारा, सगळं दोन तुकडे. मी ओरडले, "अहो, वेड लागलं का तुम्हाला?"

"अमळनेर माझं, धरणगाव भागीचं," हे म्हणाले. घाम पुसायच्या निमित्ताने डोळे पुसले. "सासरी रिकाम्या हाताने कशी पाठवू?"

भागी गेली. अर्ध्या लाईनवर यांची गाडी पुढे जायची, तुटलेल्या टोकापाशी थांबायची आणि मागे यायची. मला बघवायचं नाही. मी स्वयंपाकघरातून बाहेरच यायची नाही.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. डोळे तिच्या वाटेकडे लागले होते. दुपारी गल्लीत कालवा झाला म्हणून बाहेर आले, तर जावई आणि कंडक्टर दोघे मिळून एक भलीमोठी फळी धरून येताहेत, आणि मागून भागी ओरडतेय, "हळू! धरणगाव तिरपं होतंय!" फैजपूरहून एस.टी.च्या टपावर बांधून आणलं होतं पोरीने. तिकडे तिने आणखी एक फाटा टाकला होता, केळीच्या वाघिणी, म्हणजे मालडबे, भरायला.

यांनी दोन्ही फळ्या एकमेकींना भिडवल्या. खालून बोल्ट आवळले. करवतीच्या जागी रुळाला रूळ जुळतोय का ते बोटाने चाचपून पाहिलं, आणि मग, अहो मग मला म्हणाले, "वच्छला, कळ तू दाब."

मी दाबली. माझी सवत अमळनेरहून सुटली, आणि थेट धरणगावला जाऊन उभी राहिली.