भिंतीवरच्या दोघी

“हे हात बघा,” कॅफेचा तरुण मालक भिंतीकडे बोट दाखवत म्हणाला. “या हातांनी एकेक बी प्रेमाने निवडलेली असते.”

सुनेने मान डोलावली. सासूने वर पाहिलं आणि ओठांशी नेलेला कप तसाच खाली ठेवला.

कोपऱ्यावरचा हा कॅफे उघडून आठवडाच झाला होता आणि सून तिथे जाऊ म्हणून मागे लागली होती. सत्तावीस वर्षं कॉफीच्या बिया निवडल्यात, एकदा चांगली कॉफी प्या तरी, असं तिचं म्हणणं. खरंच होतं ते. निवडलेला माल बोटीने जायचा आणि निवडणाऱ्यांच्या घरी उकळायचा तो उरलेला भुगा.

खिडकीएवढ्या फोटोत लांब टेबलाशी बसलेल्या दोन बाया हसत होत्या. डावीकडची म्हणजे सासू स्वतः. किडकी बी नजरेतून सुटत नसे, म्हणून कारखान्यात तिला घार म्हणत. शेजारी थोरली. नात्याची नव्हे, पण वयाने मोठी, म्हणून सगळ्यांचीच थोरली.

साहेब फोटोवाल्याला घेऊन आला तो दिवस घारीला लख्ख आठवला. धुळीसाठी तोंडाला बांधलेली फडकी सोडा आणि हसा, असा हुकूम झाला. फडकं सोडलं की उबळ येते, असं थोरलीने सांगून पाहिलं. दोन मिनिटांचं तर काम, साहेब म्हणाला. त्या दोन मिनिटांचा तास झाला. थोरली हसली, आणि मग भिंतीला टेकून कितीतरी वेळ खोकत राहिली. वर्षभरात तिला घरी बसवलं. खोकणारी बाई माल खराब करते म्हणे. पुढे सहा महिनेही काढले नाहीत तिने. तिला पोचवायला जायचं तर कुणाला अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली नाही.

फोटो कुठून आणला, घारीने विचारलं. बियांच्या कंपनीने पाठवलाय, असं सांगता सांगता मालकाने तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, मग फोटोकडे, आणि तो हरखूनच गेला. आजी, त्याच्याखाली उभ्या राहा, एक फोटो घेऊ, आजची कॉफी माझ्याकडून.

घारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आवाज मात्र चढला नाही.

“तोंडावरचं फडकं काढायला लावून हसवलंय आम्हाला. ही त्या धुळीनेच मेली. उतरव तो.”

कंपनीला विचारावं लागेल, आपण बसून बोलू, गिऱ्हाइकं बघतायत, असं तो काहीबाही पुटपुटू लागला.

“बघू देत. तुला जमत नसेल तर मी उतरवते.”

तिने खुर्ची भिंतीशी ओढली आणि गुडघे दाबत वर चढली. अख्खा कॅफे माना वळवून पाहत होता. सून शरमेने लाल झाली होती. ती उठली, तेव्हा आता ही दंडाला धरून आपल्याला घरी नेणार, असंच घारीला वाटलं. सुनेने खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी गच्च धरली.

फोटो चांगलाच जड होता. दुसरी बाजू शेवटी मालकालाच धरावी लागली. त्यांनी तो खाली टेकवला.

“आई,” सुनेने विचारलं, “त्यांचं नाव काय होतं?”

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. खुर्चीवरून न उतरताच घारीने थोरलीचं नाव सांगितलं. आडनावासकट, शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल असं.