झेंड्याची गाठ

"आबा, उद्या सव्वीस जानेवारीचा झेंडा तुमीच बांधायचा. न्हाई म्हणायचं न्हाई," प्रियंका उंबऱ्यातूनच म्हणाली.

हंबीररावांनी उजवा हात हळूच शालीत ओढून घेतला. पलटणीतून हवालदार म्हणून परत आल्यापासून शाळेपुढचा झेंडा तेच बांधत आले होते. घडी घालायची, आत फुलं ठेवायची आणि वरून सुरगाठ मारायची. बांधलेला झेंडा खांबावर चढला, की खालून दोरीला एक हिसडा दिला तरी मोकळा. पण गेल्या पावसाळ्यापासून त्या हाताला कंप सुटला होता आणि म्हाताऱ्यानं ते पोटच्या लेकालाही कळू दिलं नव्हतं. ताठा हो, दुसरं काय!

पंधरा ऑगस्टला त्याचीच शिक्षा मिळाली. हात थरथरतोय, गाठ सैल राहील, या धास्तीनं त्यांनी एक वेढा जास्त दिला आणि सुरगाठीची निरगाठ झाली. तेव्हाचे सरपंच नानासो हिसडे देऊन दमले. शेवटी झेंडा खाली घेऊन सोडवावा लागला. "दोरी कच्ची निघाली," म्हणून नानासोच हसले, मागोमाग गाव हसलं आणि विषय मिटला. नानासो पडले मोठे बागायतदार, त्यांना कोण बोलणार?

प्रियंकाची गोष्ट वेगळी. बौद्धवस्तीतली पहिली सरपंच, तीही बाई. नवरा महेंद्र कुपवाडला कारखान्यात. ती निवडून आल्या दिवसापासून "बघू, हिच्या हातनं काय हुतंय" म्हणत टपून बसलेले चार जण गावात होतेच. गाठ हंबीररावांची चुकणार आणि बोल या पोरीला लागणार.

"गुरुजी बांधतील की गं," ते म्हणाले.

"गुरुजी म्हणत्यात, आबा असताना आमी हात लावणार न्हाई. आबा, मी पैल्यांदाच दोरी वडणार हाय. लय धडधडतंय. तुमची गाठ असली म्हंजी मला घोर न्हाई."

"बरं," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

ती गेल्यावर ते गोठ्यात शिरले. मेढीला टॉवेल गुंडाळून गाठ मारायला लागले. एकदा सैल झाली, एकदा आवळून बसली. बोटं काही केल्या ऐकेनात. मागं त्यांच्या पत्नी अंजनाबाई म्हशीची धार काढायला बसल्या होत्या.

"पंधरा ऑगस्टपास्नं बघतीया," त्या मान वर न करता म्हणाल्या. "च्याचा कप डाव्या हातानं धरताय. मला काय डोळं न्हाईत व्हय?"

हंबीररावांना आधी राग आला. मग इतकं हलकं वाटलं, की ते तिथंच पेंडीच्या पोत्यावर बसले.

"माझ्यापायी त्या पोरीचं हसं हुईल गं," ते म्हणाले.

अंजनाबाई धार आटोपून उठल्या. म्हशीची दोरी एका हिसड्यात सोडली, तिला गव्हाणीपाशी नेलं आणि बोलता बोलता पुन्हा बांधली. हंबीरराव बघतच राहिले.

"ही गाठ तुला कुणी शिकवली?"

"शिकवायचं काय त्यात? म्हस बुजली, फास लागला, तर एका हिसड्यात सुटाय नगं? आमची आई बी अशीच बांधायची."

म्हातारा खदखदून हसला. "इतकी वर्षं पलटणीची म्हणून मिरवली आणि निघाली म्हशीची! अंजना, उद्या झेंडा तू बांधायचास."

"मी? शेणाचं हात माझं."

"मग धुऊन ये."

"आवं, पर लोक काय म्हणतील?"

"मला काय म्हणायचं ते म्हणू देत. पोरीला कुणी म्हणाय नगं."

सकाळी शाळेच्या पटांगणात धुकं होतं. पोरं रांगेत कुडकुडत उभी होती. हंबीरराव सांगत गेले, "केशरी वर, आता घडी, आता फुलं," आणि अंजनाबाई करत गेल्या. बाया एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या. नानासो खुर्चीतून पुढं झुकले.

"आबा, आज वहिनींना कामाला लावलं? हात दुखतोय का काय?"

व्हय म्हटलं असतं तरी भागलं असतं. हंबीररावांनी हात शालीबाहेर काढला आणि सगळ्यांसमोर धरला.

"हात थरथरतोय, नानासो. त्या दिवशी दोरी कच्ची नव्हती, माझी गाठ चुकली. तुमी सांभाळून घेतलंत. आजची गाठ हिची हाय."

कुणी हसलं नाही. नानासोंनी टोपी सारखी केली. "वहिनी, घट्ट बांधा बरं का," एवढंच ते म्हणाले.

"घट्ट न्हाई, बरोबर बांधतीया," अंजनाबाई म्हणाल्या.

झेंडा वर चढला. प्रियंका पुढं आली. निळी साडी, कपाळावर त्या थंडीतही घाम. गुरुजींनी खूण केली, तिनं दोरी ओढली. झेंडा नुसता हलला. तिनं पुन्हा ओढली, भीतभीत, काच फुटेल अशा बेतानं. मागून कुणीतरी खाकरलं.

तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून खणखणीत आवाज आला. "भिऊ नगंस गं पोरी! म्हशीगत हिसडा दे!"

गुरुजींनी डोळे मिटून घेतले. प्रियंकानं ओठ दाबले, पाय रोवला आणि दिला हिसडा. झेंडा सळकन मोकळा झाला आणि झेंडूच्या पाकळ्या तिच्या डोक्यावर, खांद्यावर, पायांवर सांडल्या. पोरांनी राष्ट्रगीत उचललं. हंबीररावांचा सलामीचा हात टोपीपाशी थरथरत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी दोन्ही थांबवायचा प्रयत्न केला नाही.

मग भाषणं. गुरुजींनी नेहमीसारखं पुकारलं, "आता आपले माजी सैनिक, ध्वजाचे मानकरी, इथं पुढच्या खुर्चीवर येऊन बसतील." हंबीररावांनी अंजनाबाईंच्या पाठीला हात लावला. त्या नको नको म्हणत होत्या, धार राहिलीय म्हणत होत्या. पण हंबीररावांनी चालवतच नेऊन त्यांना खुर्चीवर बसवलं. आणि स्वतः चालत चालत पटांगणाच्या पार मागं, कुंपणाच्या तारेला टेकून, उशिरा आलेल्या माणसांत उभे राहिले.

पुढं प्रियंका बोलायला लागली होती. पहिल्या दोन वाक्यांना आवाज कापला, मग लागला. तिच्यासमोर खुर्चीत अंजनाबाई डोक्यावरचा पदर सारखा नीट करत अवघडून बसल्या होत्या. हंबीररावांनी नजर वर नेली. आजवर ते खांबाखाली उभे असत, मान मोडेपर्यंत वर बघत, आणि दिसायचा तो तुकडा तुकडा. इथून झेंडा जरा लहान दिसत होता, पण सगळा दिसत होता.