देवीच्या नावानं सोडलेला बैल

"आता काय, बैल आनला तिनं!" गोजरा मागच्या दारातून ओरडतच आत आली. "मांजरा झाली, कुतरी झाली, लंगरं गाढव झालं. आता बैल!"

तिचा नवरा देवजी ओट्यावर चहा पीत बसला होता. त्यानं बशीतला चहा फुंकला. "आनू दे. आपलं काय जातंय? गोठा तिनं भाड्यानं घेतलाय. बैल बांधील नायतर हत्ती बांधील."

"तुमी उठून बघा तरी."

"काय बघाचा? बैल काय मी बघला नाय काय?"

गोजरानं इकडंतिकडं पाहिलं आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "बगल्या हाय तो."

देवजीच्या हातातली बशी कलंडली आणि चहा लेंग्यावर सांडला. चांगला गरम होता, पण त्याला काही कळलं नाही.

ही भाडेकरू बाई म्हणजे मार्ता. मूळची पोलंडची, नवरा बंदरावर इंजिनियर. आधी कामोठ्याला चांगल्या फ्लॅटात राहत होती. पण तिची रस्त्यावरून उचललेली कुत्री सोसायटीला चालेनात, तेव्हा कुत्री ठेवून तिनं सोसायटी सोडली आणि जासईच्या पुढं, कंटेनर यार्डांच्या मागं असलेल्या आमच्या गावात आली. देवजीच्या घराचा वरचा मजला घेतला आणि शिवाय मागचा रिकामा गोठाही मागितला. नवी मुंबईत माणसं पार्किंग भाड्यानं घेतात, दुकानाचा गाळा घेतात. पण गोठा भाड्यानं मागणारं गिऱ्हाईक गावानं पहिल्यांदाच पाहिलं. देवजीला तेव्हा फार हसू आलं होतं. हसता हसताच त्यानं भाडं ठरवलं होतं.

गोठा रिकामा का होता, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं विचारलंही नव्हतं.

सांगण्यासारखं नव्हतंच ते. खाडीकाठची खारातली शेतजमीन यार्डांना गेली, तिच्यावर लाल मुरमाचा भराव पडला, आणि बैलांना काम उरलं नाही. जोडीतला पारव्या लवकर मेला, सुटला. बगल्या राहिला. अंगानं पांढराशुभ्र म्हणून बगळ्याचं नाव त्याला. विकायला काढावा तर घेणार कोण, सगळ्या गावाचीच शेतं गेलेली. खाटकाला द्यायला कायद्याची बंदी, आणि देवजीचं मनही नाही. पेंढा विकत आणावा लागे. घरी लेक तेजस रोज कटकट करी, "बाबा, गाडी लावाला जागा नाय आन तुमी बैल पोसताव."

मग देवजीनं एक शक्कल काढली. बगल्याच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, शिंगांना झेंडूच्या माळा घातल्या, बेंजोची वाजंत्री लावली आणि बैल गावदेवीच्या नावानं सोडला. आता देवाच्या नावानं सोडतात तो वळू असतो, कोवळा, न ठेचलेला. म्हातारा, खच्ची केलेला, मानेला जुवाचा घट्टा पडलेला बैल देवीला सोडलेला कुणी ऐकला नव्हता. पण देवजीनं जेवण घातलं होतं, आणि मटण झणझणीत होतं. गाव जेवलं आणि कुणी काही बोललं नाही.

देवीच्या नावानं सोडलेल्या बैलाला मात्र कुणी काही समजावलं नव्हतं. दिवेलागण झाली की तो आपला देवजीच्या दारात हजर. गोजरा पदर डोळ्याला लावून त्याला हाकलायची. शेवटी तेजसनं मित्राचा टेम्पो आणला, आणि हायवेच्या पलीकडं, जिथं ट्रेलरच्या रांगा लागतात तिथं बगल्याला उतरवून ते दोघं बापलेक परत आले. गावात देवजीनं सांगितलं, "देवीनं नेला."

आणि आता मार्तानं परत आणला.

देवजी मागं गेला तेव्हा गोठ्यापुढं बघ्यांची गर्दी होती. ताडपत्रीवर घालून पोरांनी बैल आत नेला होता. कुठल्यातरी ट्रेलरनं मागून ठोकर दिली होती. मांडीची कातडी सोललेली, बरगड्या मोजाव्यात अशा वर आलेल्या, अंगाचा पांढरा रंग ऑइलनं आणि धुळीनं काळा पडलेला. मार्ता गुडघ्यावर बसून कोमट पाण्यानं जखम धूत होती. घामानं तिचा चेहरा लालबुंद झाला होता. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तापत होतं, आणि खाडीकडून येणाऱ्या खारट वाऱ्यात ट्रेलरचा धुरळा मिसळला होता.

"पुठ्ठा खात होता," ती म्हणाली. मराठी ती मोडकंतोडकं पण न लाजता बोलायची. "रस्त्यावर. पुठ्ठा आणि प्लास्टिक. देवजीभाऊ, हा कोणाचा बैल?"

देवजीनं बैलाकडं पाहिलंच नाही. पत्र्याकडं पाहत म्हणाला, "असंल कुनाचा. रस्त्यावर लय फिरतान असे."

बाजूला शेजारचा वामन उभा होता. त्यानं बगल्याला शंभर वेळा स्वतःच्या शेतात चिखलणीला नेला होता. तो खाली वाकून पायातली चप्पल नीट करायला लागला.

पनवेलहून जनावरांचा डॉक्टर आला. त्यानं पाय दाबून पाहिला, सुई टोचली आणि म्हणाला, "हाड शाबूत आहे, मॅडम. उठायला काही हरकत नाही. पण हा उठत नाहीये. एवढं जड जनावर बसून राहिलं की पायातलं रक्त थांबतं. मग कितीही औषध द्या, जातं. उद्यापर्यंत त्याला उभा करा."

"कसा?"

"माणूस ओळखीचं असेल तर उठतं. याचा धनी शोधा."

मार्ता धनी शोधायला निघाली. अख्खी आळी पालथी घातली तिनं. मोबाइलवर फोटो दाखवत दारोदार हिंडली. "कोणाचा आहे? रागावणार नाही. फक्त हाक मारा त्याला." बायका फोटो बघायच्या, मान हलवायच्या आणि आत जायच्या. माहीत सगळ्यांना होतं. पण बैलाचं नाव सांगायचं म्हणजे देवजीचं नाव सांगायचं, आणि देवजीचं नाव सांगायचं म्हणजे ते जेवण आठवायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बगल्या तसाच पडून होता. पुढ्यातला हिरवा चारा वाळून चालला होता.

घरात गोजरानं देवजीपुढं भाकरीचं ताट आपटलं. "जेवा."

"तू?"

"मना जात नाय." ती भिंतीशी बसली. "परक्या देशातली बाय त्याचं शेन काढतंय. आन आपुन तिच्याकरनं गोठ्याचं भाडं घेतो. आपल्याच बैलाला आपल्याच गोठ्यात ठेवाचं भाडं! मना तर तोंड दाखवाची लाज वाटतंय. तुमाला नाय वाटत?"

"वाटतंय म्हनून तर घरात बसलोय."

"मग जाऊन हाक मारा."

"आन गावाला काय सांगू? देवीनं परत पाठवला?"

"गावाला काय सांगाचंय? गावाला काय म्हाईत नाय?"

देवजीनं ताट सरकवलं. भाकरी मोडली नव्हती.

मार्ता औषध आणायला गेली होती. आळीत दुपारची सामसूम होती. ती संधी साधून तो मागच्या दारानं गोठ्यात शिरला. बगल्या त्याच्या जुन्या जागेवर, गव्हाणीपाशी पडला होता. देवजी जवळ बसला. त्या काळवंडलेल्या मानेवर जुवाचा घट्टा अजून तसाच होता. त्यावर हात ठेवायला त्याचा हात धजेना.

"बगल्या," तो कुजबुजला. "ऊठ रं बाबा."

बैलाचा एक कान हलला.

"ऊठ ना. मी आयलोय."

कान पुन्हा हलला, पण डोळे मिटलेलेच. देवजीला कळलं काय होतंय ते. खारातल्या वाऱ्यात हळू बोललेलं कुणाच्या कानी पडत नाही. बांधाच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारायची म्हणजे बेंबीच्या देठापासून ओरडावं लागायचं, आणि जन्मभर त्यानं बगल्याला तसंच बोलावलं होतं. हा चोरासारखा आवाज त्या जनावरानं कधी ऐकलाच नव्हता. तो आवाज आपल्या धन्याचा आहे हे त्याला कळणार कसं?

तशी हाक इथं मारायची म्हणजे सगळ्या आळीला ऐकू जाणार. देवजीची हाक गावात कुणालाही झोपेत ओळखू आली असती.

तो उठला आणि दारापर्यंत गेला. बाहेर पाहिलं. कुणी नव्हतं. निघून गेला असता तर कुणाला कळलंही नसतं. संध्याकाळपर्यंत बैल गेला असता, मार्ता रडली असती, आणि प्रकरण मिटलं असतं. हे सगळं त्याच्या मनात आलं, आणि आलं याचीच त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली.

तो वळला. डोक्याचा रुमाल सोडून त्यानं कमरेला बांधला, शेतावर बांधायचा तसा, आणि छाती भरून हाक मारली.

"होऽऽऽ बगल्याऽऽऽ! चल येऽऽऽ!"

पत्र्यावरची कबुतरं उडाली. मार्ताची कुत्री भुंकायला लागली. आळीतली दारं एकेक करून उघडली.

बगल्यानं डोळे उघडले. मान वर केली. पुढचे पाय आखडले, मागचा भाग उचलला आणि परत आदळला.

"होऽऽ! येऽऽ!" देवजीच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज फाटला नाही. "चल माज्या राजा! येऽऽ!"

दुसऱ्या खेपेला बैल उठला. थरथरत, दुखरा पाय वर धरून, पण उठला.

दारात माणसं गोळा झाली होती. गोजरा पुढं होती. औषधाची पिशवी घेऊन मार्ताही धावत आली होती, आणि बैल उभा पाहून तिनं दोन्ही हात तोंडावर धरले. वामन पुढं सरकला. बिचाऱ्यानं चांगल्या मनानं देवजीला सुटायला वाट करून दिली. "देवीची किरपा!" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "देवीचा बैल हाय. कुनाच्याबी हाकेला उठनारच. काय देवजी?"

"देवीचा नाय," देवजी म्हणाला. "माजा हाय."

"बाय, माजा बैल हाय यो," तो मार्ताकडं वळला. "मीच टाकला. टेम्पोत घालून रस्त्यावर नेऊन टाकला. काल तू इचारलंस तवा मी खोटा बोललो."

मार्तानं हात खाली घेतले. तिला सगळं समजलं होतं, तेवढं मराठी तिला येत होतं. तिनं शिव्या घातल्या असत्या तर देवजीला बरं वाटलं असतं. पण ती नुसती त्याच्याकडं बघत राहिली, आणि तिच्या नजरेत राग कमी आणि नवल जास्त होतं. देवजीनं मान खाली घातली.

तेवढ्यात बगल्या हलला. तीन पायांवर ढकलत, मधेच थांबत, तो देवजीसमोर येऊन उभा राहिला. त्याचा हात चाटेल, अंग घासेल असं सगळ्यांना वाटलं. बगल्यानं तसलं काही केलं नाही. त्यानं मान पुढं काढली, खाली घातली आणि तशीच धरून ठेवली.

गोजरानं पदर तोंडात कोंबला. आळीतल्या जुन्या माणसांनी नजरा दुसरीकडं वळवल्या.

मार्ताला कळेना. "त्याला काय पाहिजे?" तिनं हळूच विचारलं. "भूक लागली?"

"भूक नाय, बाय," देवजी म्हणाला. वाकलेल्या मानेसमोर तो रिकाम्या हातांनी उभा होता. "जू मागतंय. त्याला वाटलंय, मी कामाला बोलावलाय."