ओटीची पिशवी

आमच्या गावात गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. घाटापासून खालच्या बाभळीपर्यंत दोनशे पावलं, दर रविवारी आम्ही आठ-दहा जण काठाचं प्लास्टिक वेचतो आणि कशाचं किती निघालं ते वहीत लिहितो. वही माझ्याकडं, कारण मी निवृत्त मास्तर. कचरा ओढायचं दाताळं नबीभाईकडं. तो गेवराईत फळांचा गाडा लावतो आणि पिशवी मागणाऱ्या गिऱ्हाइकाला हाकलून देतो.

माझं डोकं फिरायचं ते ओटीच्या पिशव्यांवर. बायका गंगामाईची ओटी भरतात. नारळ, खण, तांदूळ सांडू नयेत म्हणून सगळं पिशवीत घालून, गाठ मारून सोडतात. गंगेनं काय दातानं गाठ सोडायची, असं मी दर रविवारी मोठ्यानं विचारायचो. माझी बायको सुंदरबाई पोतं धरून मुकाट ऐकायची.

त्या रविवारी नबीभाईनं बाभळीच्या मुळांतून एक पिवळी पिशवी ओढून काढली. आत हिरवा खण. कुठल्या शहाणीचं काम हे, म्हणून मी तोंड सोडलंच, तर सुंदरबाई मटकन काठावरच बसली.

"माजी हाय," ती म्हणाली. "रोहिणीसाठी भरलती."

रोहिणी आमची लेक, परळीला दिलेली. दोनदा मूल पोटातच गेलं होतं, आता सातवा महिना चालू होता. गुरुवारी ही मला न सांगता एकटीच घाटावर येऊन गेली होती.

"गंगामाईनं ओटी माघारी धाडली," म्हणाली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. दर रविवारची माझी बडबड आठवली. स्वतःचाच राग आला.

नबीभाईनं गाठ सोडली आणि मूठभर तांदूळ तिच्यापुढं धरले.

"माघारी कशाला धाडील, भाभी? तिला मिळालीच न्हाई. बघा, तांदूळ कोरडे हायेत."

सुंदरबाईनं तांदूळ चाचपून पाहिले. मग उठली, गुडघाभर पाण्यात गेली आणि मोकळ्या ओंजळीनं तांदूळ सोडले, नारळ सोडला. नारळ डुलत डुलत बाभळीच्या पुढं निघून गेला. खण मात्र तिनं नबीभाईच्या बायकोसाठी, रहेमतबीसाठी, बाजूला ठेवला.

मी वही उघडली. पाण्यातूनच ती म्हणाली, "लिवा, पिशवी एक. फुडं माजं नाव लिवा."

लिहिणार, तेवढ्यात पिशवीवरची लाल अक्षरं दिसली. मिठाईचं दुकान. मला डायबेटिस आहे. बुधवारी चोरून जिलबी खाल्ली होती आणि हीच पिशवी कपाटामागं कोंबली होती.

वर पाहिलं तर सुंदरबाई माझ्याकडंच बघत होती. डोळे अजून ओले होते, पण हसू काही दाबलं जात नव्हतं. किती गुणाची बाई माझ्या वाट्याला आली, असं वाटून गेलं.

मी लिहिलं : पिवळी पिशवी, एक. राधाकिशन मास्तर.