गुडघाभर पाणी

“मावशी, पुढचा फोन एका छोट्याचा. आजी वारलीये त्याची. नेहमीचं गोड बोला आणि सोडा,” काचेपलीकडून ध्वनिमुद्रक म्हणाला.

मावशींनी हेडफोन नीट बसवले. समोरच्या यंत्राचं बटण चालू असलं, की त्यांचा बारीक आवाज खोल, घुमणारा होई आणि मुलांच्या वाहिनीवर ढगोबाचा म्हणून जाई. ढगोबा म्हणजे कार्टूनमधला देव. पण मुलांच्या लेखी तो खराच देव. झोपण्याआधी ती टीव्हीकडे तोंड करून त्याच्याशी बोलत, खोटं बोललं की त्याचीच माफी मागत. आईबापांच्या देवाची पाळी नंतर.

“ढगोबा, माझी आजी तुझ्याकडे आलीये ना? तिचे गुडघे दुखतात. तिला जिने चढायला लावू नकोस.”

नातवाचा हा आवाज मावशींनी पाळण्यापासून ऐकला होता.

सुनेशी बिनसलं, मुलाने बिऱ्हाड हलवलं, फोन उचलणं बंद केलं, इथवर त्यांनी गिळलं. पण नातवाला लांबून तरी पाहावं म्हणून त्या शाळेच्या फाटकाशी गेल्या, तेव्हा रखवालदार म्हणाला, “त्याची आजी? ती तर देवाघरी गेली. पोरगं स्वतःच सांगतं की सगळ्यांना.” पोटच्या पोराने जिवंतपणी मारून टाकलं होतं. तेव्हापासून एक वाक्य त्यांनी दाढेखाली धरून ठेवलं होतं. नातू हा कार्यक्रम चुकवत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. ढगोबाचं काम घेतलं ते पोटासाठी. टिकवलं ते या फोनसाठी.

“नाही, बाळा,” ढगोबा गडगडला. “तुझी आजी माझ्याकडे आलेलीच नाही. बाबांना विचार, कुठे टाकलीय तिला.”

ध्वनिमुद्रकाने काचेवर टकटक केली. मावशींनी त्याच्याकडे पाठ केली. जिभेवर कितीतरी दिवसांनी गोड चव आली होती. आता दाखव म्हणावं स्वतःच्या लेकराला तोंड.

पण नातू बापाकडे गेलाच नाही.

“मग ती काळ्या तळ्यात आहे?”

जो माझ्याकडे येत नाही तो काळ्या तळ्यात जातो, हे ढगोबाचंच वचन. ते मावशींनीच म्हटलं होतं. दिग्दर्शकाला आणखी भीतीदायक हवं होतं, म्हणून पुन्हा पुन्हा म्हटलं होतं.

“तिला पोहता येत नाही,” नातू हुंदके देऊ लागला.

मावशींनी बटण बंद केलं. “सोन्या, रडू नको. अरे, मी आजीच बोलतेय.”

हुंदके थांबले. “तू तळ्यातून बोलतेस?”

तळं नाही, ढगोबाही नाही, असं सांगायला त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात फोनवर नातवाच्या मागून मुलाचं ओळखीचं खाकरणं ऐकू आलं. “कुणाशी बोलतोयस रे?”

“आजीशी.”

ध्वनिमुद्रकाने फोन तोडायला हात पुढे केला होता, तो तसाच राहिला.

“हो रे राजा, तळ्यातूनच,” मावशी म्हणाल्या. “पण पाणी गुडघाभरच आहे. बाबांना सांग, दोर घेऊन ये म्हणावं.”

फोन कुणी ठेवला नाही. मावशींनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले.