पाटलांची परवानगी

"पाटील, जाऊ का मेसईदला?" चपाती लाटता लाटता संपतने विचारलं.

शिवराज पाटील खाटेवर पाय पसरून बसला होता. तो कंपनीची बस चालवायचा. संपत सुतार त्याच कंपनीत, विश्वचषकाच्या स्टेडियमवर काँक्रीट ओतायचे साचे ठोकायचा. पगार संपतचा जास्त. तरी चपात्या संपतच करायचा आणि पहिली शिवराजच्या ताटात पडायची.

दोघे एकाच गावचे. संपतचे आजोबा धोंडीराम गावाचे नांगर-गाड्या दुरुस्त करायचे आणि सुगीला खळ्यावर बलुत्याचं धान्य घ्यायचे. दुसऱ्या गावात कामाला जायचं तर शिवराजच्या आजोबांची परवानगी लागे. पुढे वाटण्यांत पाटलांची जमीन संपली, ट्रॅक्टर आले नि सुताराचं कामही गेलं. नातवांना दोह्यात एकच खोली मिळाली. जुनी रीत मात्र दोघांनीही सामानाबरोबर आणली होती.

"तितं दुसऱ्या कंपनीत मला सुतारांचा फोरमन करत्यात. शुक्रवारपत्तुर सांगायचंय."

"आपली कंपनी सोडंल का?"

"नवा कायदा झालाय की. आता कंपनीची परवानगी लागत न्हाई."

"मग मला कशाला विचारतो?"

संपत गोंधळला. "तुमाला न इचारता कसं जायचं?"

शिवराजला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. दिवसभर त्याला जो तो 'ड्रायव्हर, यल्ला' म्हणून पिटाळायचा. "बघू. सांगतो," तो आजोबांच्या थाटात म्हणाला.

आणि सांगेचना. संपत रोज ताट वाढताना त्याच्या तोंडाकडे बघायचा. मेसईदहून फोन आला की "कल बताता हूँ, साब" म्हणायचा. जागा हातची जाणार हे त्याला कळत होतं. पाटलांचा राग येत होता आणि राग येतोय याची लाजही वाटत होती.

शुक्रवारी त्याने ताट वाढलंच नाही. उभ्यानेच म्हणाला, "पाटील, हो म्हना न्हाईतर न्हाई म्हना."

शिवराजने मान खाली घातली. "तू गेलास तर हितं मला पाटील कोण म्हणणार?"

संपतला फार वाईट वाटलं. पण त्याने शिवराजच्या समोरच फोन लावला. "आ रहा हूँ, साब."

नोटिशीची मुदत संपली त्या सकाळी शिवराज संपतची हत्यारांची पेटी उचलून मेसईदच्या बसपर्यंत आला.

"ऱ्हाऊ द्या, पाटील."

"शिवराज म्हण आता."

संपतने मनापासून प्रयत्न केला. नाव ओठांपर्यंत आलं, पुढे येईना.

"येतो," एवढंच म्हणून तो बसमध्ये चढला.